मुरलेल्याला रकाना नाही

एकाहत्तर वर्षांच्या बाईला खोटं लिहायला तुम्ही लावलंत. हो, तुम्हीच. काचेच्या दारामागे बसता, शिक्क्याला शाई लावता आणि सही करताना पेनाचं टोपण दातात धरता, ते तुम्ही. आणि लिहून घेतल्यावर तिलाच खोटारडी ठरवून पत्र धाडलंत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. तुम्ही तर फाशीचा दोरसुद्धा त्या संन्याशाकडूनच वळून घेतलात.

या बाईनं चाळीस वर्षं बसच्या सीटा शिवल्या. डेपोच्या मागच्या शेडमध्ये, जाड सुई आणि मेण लावलेला दोरा घेऊन. टाका चुकवला तर सीट उसवते, सीट उसवली तर आतली स्प्रिंग वर येते, आणि मग कुणीतरी अनोळखी माणूस कामावर जाता जाता शिवणारीच्या आईचा उद्धार करतो. एवढंच तिचं धर्मशास्त्र. त्यात खोट्याला जागा नव्हती. ती जागा तुमच्या छापील कागदानं करून दिली.

तर ऐका. ऐकायची सवय तुम्हाला नाही, ते ठाऊक आहे. निदान वाचता येतं असं धरून चालू.

टायरच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि त्यात दोन बहिणी. थोरली ही सीटा शिवणारी. धाकटी तिच्याहून तीन वर्षांनी लहान, पण तोंडानं तीस वर्षांनी मोठी. थोरलीचा नवरा लवकर गेला. धाकटीनं लग्नच केलं नाही. कारखान्याच्या कँटीनमध्ये ती मुख्य स्वयंपाकीण होती आणि कुणी लग्नाचा विषय काढला की म्हणायची, "चारशे पुरुषांना रोज जेवायला घालते. चारशे जणांच्या तक्रारी ऐकून घरी येते. त्यातलाच एक उचलून घरी कशाला आणू?"

नाताळचं पुडिंग हे धाकटीचं राज्य. सहा आठवडे आधी करायचं, कापडात बांधून दिवसभर उकळायचं, मग खुंटीला टांगून मुरू द्यायचं आणि नाताळच्या दिवशी पुन्हा उकळून पानात घ्यायचं. या सगळ्यात थोरलीला एकच काम: कापडाची गाठ. "चव माझी, गाठ तुझी," धाकटी बजावायची. "तुझ्या हाती चव दिली ना ताई, तर पुडिंग खायचं नाही, त्यावर बसायचं होईल."

मार्चमध्ये धाकटी जिन्यात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. तीन मजले, लिफ्ट नाही. इस्पितळानं सांगितलं, चालायला लागेपर्यंत वृद्धांच्या निवासात ठेवा, तीन महिन्यांचा प्रश्न आहे. तुमचे तीन महिने आठ महिन्यांचे असतात, हे तेव्हा कुणी बोललं नाही.

निवास चांगलं होतं, नाही कोण म्हणतो? भिंती फिकट निळ्या, फरशी अशी चकचकीत की म्हाताऱ्यांनी घसरायलाच हवं, आणि जेवणघराच्या दारावर पाटी: 'हसत राहा'. हसायला कारण मात्र ताटात नव्हतं. ताटात तीन ढीग असायचे. एक पांढरा, एक पिवळा, एक हिरवा. याला तुम्ही मऊ आहार म्हणता.

पहिल्याच दिवशी धाकटीनं वाढणारीला विचारलं होतं, "हा पांढरा कशाचा गं?"

"पौष्टिक आहे, आजी."

"ते कळलं. पण कशाचा?"

"पौष्टिकच आहे सगळं."

"आणि पिवळा?"

वाढणारीनं ढिगाकडे नीट पाहिलं, बिचारीनं मनापासून प्रयत्न केला, आणि म्हणाली, "तो पांढऱ्यानंतर खायचा."

धाकटीचे दात शाबूत होते. डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं होतं की या बाईंना गिळायला काही अडचण नाही, या सर्व काही खाऊ शकतात. तो कागद तुम्ही व्यवस्थित फाईलला लावलात. फाईलला आराम पडला असेल. धाकटीच्या ताटात ढीग तीनच राहिले, कारण सगळ्यांना एकच शिजवलं की स्वयंपाकघराला सोपं. तिनं महिनाभर खाल्लं, मग अर्धं खाल्लं, मग चमचा उपडा ठेवायला लागली. ज्या बाईनं चारशे माणसांच्या आमटीला मिठाचा एक दाणा जास्त पडू दिला नाही, तिच्यापुढे तुम्ही रंग वाढत होता.

आता तुमचा नियम. दर सोमवारी वजन. बेचाळीस किलोच्या खाली सलग दोन सोमवार गेलात, की वरचा मजला. वरच्या मजल्यावर टेबलं नाहीत. तिथं पलंगाला कठडे, छातीला रबरी लाळेरं, आणि भरवणारी दर दहा मिनिटांनी पुढच्या तोंडाकडे वळते. लिफ्टची किल्ली तुमच्याकडे. भेट फक्त रविवारी, तासभर. वर गेलेलं कुणी आठ महिन्यांत परत खाली आलेलं थोरलीनं पाहिलं नव्हतं, आणि जे वर जात नाहीत तेच कधीतरी घरी जातात, हे तिला कळत होतं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला काटा त्रेचाळीसवर होता आणि खाली उतरत होता. थोरली भेटायला गेली, तेव्हा धाकटी खिडकीशी बसून चालायची काठी दुसऱ्याच्या झाडाच्या कुंडीत खुपसत होती.

"खात का नाहीस गं?"

"रंगाऱ्याचं काम पोटात चालू करायचं नाहीये मला."

"वर नेतील तुला."

"नेऊ देत."

"मी तीन जिने उतरून, दोन बस बदलून इथं येते ते काय तुझं वर गेलेलं बघायला?" थोरलीचा आवाज चढला. शेजारच्या खुर्चीतल्या आजोबांनी कानातलं यंत्र नीट बसवलं. महिन्याभरात पहिल्यांदा काहीतरी ऐकण्यासारखं चाललं होतं. "काय खाशील ते सांग. काहीही सांग."

धाकटीनं काठी कुंडीतून उपसली. मग म्हणाली, "पुडिंग."

"करू की."

"तू?" धाकटी हसली. मार्चनंतर ती पहिल्यांदा हसली, आणि तेही बहिणीच्या स्वयंपाकाला. "बरं. लिही."

थोरलीनं पर्समधून सीटांच्या मापांची जुनी वही काढली. मागच्या कोऱ्या पानावर लिहायला लागली.

"पाव किलो पावाचा चुरा."

"पाव पाव चुरा," थोरली लिहिता लिहिता म्हणाली.

"एकदाच पाव!"

"अगं, पाव किलोचा एक पाव आणि चुऱ्याचा एक पाव. दोन होतात."

"देवा, हिच्या हातात माझं वजन आहे," धाकटी आजोबांना म्हणाली. "तेवढाच मैदा. पाव शिळा घे हं. दोन दिवसांचा. ताज्याचा गोळा होतो. मनुका, बेदाणे, आणि त्या बारीक काळ्या मनुका. संत्र्याची साखरेत मुरवलेली साल. काळपट साखर, पांढरी नाही. दालचिनी, लवंग, जायफळ. जायफळ हात आखडता ठेवून. चार अंडी. ब्रँडी. आणि चरबी खाटकाकडून आणायची, गुर्द्याभोवतीची. कोरडी, कडक, पांढरी. बोटानं दाबली तर भुगा व्हायला हवा. तो दुसरीकडची चिकट देईल, घेऊ नकोस."

"आणि नाणं?" दरवर्षी पुडिंगमध्ये एक नाणं लपवायचं आणि ज्याच्या वाट्याला येईल त्याचं वर्ष चांगलं, अशी त्यांची रीत होती.

"नाणं नको. एक दात जरी मोडला तरी मला जन्मभर पांढरा ढीग."

खाटकानं आधी चिकटच दिली. थोरलीनं बोटानं दाबून परत सरकवली. त्यानं भुवया उंचावल्या, आत गेला आणि खरी घेऊन आला. "पुडिंगला का? मग तसं सांगायचं ना, काकू. हल्ली ते कुणी घरी करत नाही. डब्यातलं मिळतं."

"डब्यातली बहीण मिळते का?" थोरलीनं विचारलं. खाटकानं कागदात नीट गुंडाळून दिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं चरबी किसली. हात गार ठेवायचे, नाहीतर ती वितळून किसणीलाच माखते. हे धाकटीनं सांगितलं नव्हतं, किसणीनं सांगितलं. मैद्यात चरबी, चुरा, साखर, मसाले, मग सुका मेवा, मग अंडी फेटून आणि ब्रँडी. मिश्रण इतकं घट्ट झालं की लाकडी चमचा उभा राहिला. आता घरातल्या प्रत्येकानं एकेकदा ढवळून मनात काहीतरी मागायचं असतं. घरात माणूस एकच. तिनं आपल्या वाट्याचं ढवळलं आणि मागितलं: धाकटी खालच्याच मजल्यावर राहू दे. मग धाकटीच्या वाट्याचं ढवळायला घेतलं, पण तिच्या वतीनं काय मागावं ते सुचेना. धाकटी असती तर तिनं बहुतेक स्वयंपाक्याची नोकरी जाऊ दे असं मागितलं असतं. थोरलीनं तेच मागितलं. बहिणीच्या मताचा मान राखायला हवा.

तेवढ्यात खालचा टायरवाला धापा टाकत वर आला. "ताई, सकाळपासून काय वास सुटलाय! माझी दोन गिऱ्हाईकं टायर सोडून जिन्यात उभी आहेत."

"आलाच आहेस तर ढवळ. आणि मनात काहीतरी माग."

टायरवाल्यानं हात पॅन्टला पुसले, डोळे मिटून ढवळलं. "माझी कंबर मागितली," तो म्हणाला.

"बोलून दाखवलंस. आता गेली ती."

मग गाठ. इथं मात्र थोरली राणी. जाड सुती कापड उकळत्या पाण्यात बुडवून पिळलं, त्यावर मैदा भुरभुरला म्हणजे पुडिंगला साल धरते आणि पाणी आत शिरत नाही. मिश्रण मधोमध घालून चारी कोपरे उचलले. फुगायला दोन बोटं जागा सोडली. आणि सीटेच्या काठाला बांधायची ती गाठ, जी चाळीस वर्षांत एकदाही सुटली नाही, ती मेणाच्या दोऱ्यानं बांधली. मोठ्या पातेल्यात तळाशी उपडी बशी ठेवून गोळा उकळत्या पाण्यात सोडला. सकाळी नऊला. संध्याकाळी पाचपर्यंत ती पातेल्यासमोर स्टूल टाकून बसली. पाणी कमी झालं की किटलीतलं उकळतं ओतायचं. गार ओतलंस तर माझ्याशी बोलू नकोस, असं बजावलेलं होतं. आठ तासांत ती दोनदाच उठली, आणि दोन्ही वेळा झाकणाकडे बघत मागे मागे चालत गेली.

पाचला गोळा बाहेर काढला. फणसाएवढा नाही, पण मध्यम कलिंगडाएवढा, तपकिरी, वाफाळता. उत्तरेकडच्या भिंतीच्या खुंटीला टांगला. सहा आठवडे तो तिथं लटकला. जाता येता ती त्याला बोटानं टकटक करायची. आधी धप्प आवाज येई, मग दिवसेंदिवस टणक, जुन्या लाकडासारखा. दर आठवड्याला कापडावरून चमचाभर ब्रँडी पाजायची. पुडिंग पीत होतं, मुरत होतं, आणि तिकडे धाकटी एकेक पाव किलोनं उतरत होती. नाताळच्या तीन दिवस आधीच्या सोमवारी काटा एकेचाळीस किलो सातशे ग्रॅमवर थांबला. पहिला सोमवार गेला. आता दुसरा उरला.

नाताळच्या दिवशी थोरलीनं पहाटे उठून पुडिंग दोन तास पुन्हा उकळलं, टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि दोन बस बदलून निवासात आली. बसची सीट तिचीच शिवलेली निघाली. तिनं टाके तपासले. ठीक होते.

काउंटरवरच्या मुलीनं कागद पुढे सरकवला. "बाहेरून आणलेल्या अन्नाचा फॉर्म, मावशी."

पदार्थाचे नाव. तिनं लिहिलं: पुडिंग. बनविल्याचा दिनांक. तिनं नोव्हेंबरची तारीख लिहिली, सुवाच्य अक्षरात. पुढे छापलं होतं: ताजे / शिळे, लागू नसेल ते खोडा. तिथं तिचं पेन थांबलं.

"मुरलेलं कुठं लिहायचं?"

"काय?"

"हे ताजं नाहीये. शिळंही नाहीये. मुरलेलं आहे. त्याला रकाना कुठाय?"

मुलीनं कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली. तिला खरंच वाटलं असावं की असेल कुठंतरी. "दोनच आहेत, मावशी. चोवीस तासांच्या आतलं ते ताजं. त्याच्या पुढचं शिळं. शिळं आत नेता येत नाही."

"लोणचं आणलं कुणी तर?"

"शिळं."

"मध?"

"मधाचं..." मुलगी अडखळली. "मधमाशीनं कधी केला ते विचारावं लागेल."

असल्या नियमाला हसावं की रडावं! विषबाधा होऊ नये म्हणून नियम, छान. म्हणजे ज्या पदार्थाचा सगळा मोठेपणा त्याच्या वयात आहे, तो वयामुळे नापास. आणि हा नियम कुठं लावलाय, तर अशा घरात जिथं साठीच्या खालचं माणूस फक्त पगारी आहे. त्या सगळ्यांना एकेक फॉर्म द्या ना. बनविल्याचा दिनांक भरू द्या. काय खोडायचं ते तुम्हीच सांगा.

मुलीनं इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "मावशी, कालची तारीख टाका ना. सगळेच टाकतात."

"पण काल नाही केलेलं."

"मला माहितीये. तुम्हाला माहितीये. कागदाला कुठं माहितीये?"

थोरली उभी राहिली. मांडीवरून छातीशी आलेलं पुडिंग अजून गरम होतं. खरं लिहिलं तर ते दाराबाहेर आणि धाकटी वरच्या मजल्यावर. खोटं लिहिलं तर चाळीस वर्षांतला पहिला चुकवलेला टाका. तिनं नवा कागद मागितला. तारीख लिहिताना चोवीसचा चार दुसऱ्याच कुणीतरी काढल्यासारखा आला. 'शिळे' खोडलं. मुलीनं शिक्का मारला आणि पुडिंगवर चिठ्ठी चिकटवली: ताजे. बनविल्याचा दिनांक २४ डिसेंबर.

जेवणघरात धाकटीपुढे तीन ढीग आलेलेच होते. सण म्हणून हिरव्यावर एक चेरी ठेवली होती. थोरलीनं पुडिंग टेबलावर ठेवलं. धाकटीचा चेहरा उजळला, आणि मग तिची नजर चिठ्ठीवर गेली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"काल केलंस?"

"अगं..."

"सहा आठवड्यांपूर्वी मी इथं बसून सांगत होते ते काय गाणं म्हणत होते? काल! काल रात्री आठवलं वाटतं बहिणीचं! ताई, कालच्या पुडिंगला पुडिंग म्हणत नाहीत, ओली वीट म्हणतात."

"जरा हळू बोल..."

"का हळू? लाज वाटतेय?" आजोबांनी यंत्राचा आवाज वाढवला. "सुरी दे. दाखवतेच तुला कालचं म्हणजे काय ते. आत पांढरं असेल, आणि मनुका वेगळ्या आणि मैदा वेगळा, कारखान्यातल्या दोन युनियनसारखे."

तिनं कापडाची गाठ सोडायचा प्रयत्न केला, सुटेना. थोरलीनं सोडली. सुरी आत गेली आणि अडली नाही. लोण्यात जावी तशी संथ, जड, सरळ तळापर्यंत. आतून काळं, ओलसर, चकाकतं. धाकटीनं चूक दाखवायला म्हणून एक घास तोंडात घातला. तिचा जबडा चालला. थांबला. पुन्हा चालला. मग दुसरा घास. तोही चूक शोधायलाच. तिसरा घास घेताना तिनं डोळे वर केले आणि थोरलीकडे बघितलं.

थोरलीनं ओठांवर बोट ठेवलं आणि नजरेनं चिठ्ठीकडे खूण केली.

कँटीनमध्ये तीस वर्षं काढलेल्या बाईला समजायला वेळ लागत नाही. "हं," धाकटी मोठ्यानं म्हणाली, "कालचं आहे. पण चालेल." आणि सबंध फोड संपवली. मग घास खाली उतरवून अगदी हळू म्हणाली, "जायफळ जरा जास्त झालंय." थोरलीला आयुष्यात कुणी इतकी मोठी पदवी दिली नव्हती.

पुढचे चार दिवस धाकटीनं पुडिंग कपाटात टॉवेलांखाली ठेवलं आणि रोज तीन वेळा खाल्लं. एक फोड आजोबांना दिली. ते त्या दिवशी यंत्र काढून बसले, म्हणाले, आता ऐकायची गरज नाही. आणि भूक जागी झाली की ती रंग बघत नाही. ती पिवळा ढीगही खाऊ लागली. नाक दाबून, पण खाऊ लागली.

सोमवार आला. थोरली दाराशी उभी होती. धाकटी काठी बाजूला ठेवून काट्यावर चढली. बेचाळीस किलो शंभर ग्रॅम. तुमच्या पर्यवेक्षिकाबाईंनी, ज्यांना धाकटी नियमबाई म्हणते, दोनदा बघितलं आणि वहीत लिहिलं. थोरलीनं भिंतीला टेकून श्वास सोडला. झालं. राहिली खाली.

आणि इथं नियमबाईंनी तोंड उघडलं.

"बघा!" त्या हसून म्हणाल्या. "घरचं अन्न आणलं तरी ताजंच आणायचं, असा आमचा आग्रह का असतो ते कळलं ना? ताज्या अन्नाचा परिणाम आहे हा. काय होतं ते, पुडिंग? ताजं ताजं केलेलं."

थोरलीनं बहिणीकडे बघितलं. धाकटीचा चेहरा लाल होत चालला होता. चार दिवस गप्प बसली होती बिचारी. तिला चोर म्हणा, म्हातारी म्हणा, हेकट म्हणा, सगळं चालेल. पण तिच्या पुडिंगला ताजं?

"ताजं?" धाकटी काट्यावरूनच म्हणाली. "ताजं म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातलं ते तीन ढिगांचं रंगकाम! सहा आठवडे मुरलंय ते! नोव्हेंबरपासून! माझ्या बहिणीनं आठ तास पातेल्यासमोर बसून उकळलंय. एका दिवसात असलं पुडिंग करून दाखवा, मी स्वतः चालत वर जाते!"

"धाकटे!" थोरली ओरडली. उशीर झाला होता.

नियमबाईंचं हसू ताटातल्या चेरीसारखं एकटंच उरलं. फॉर्म मागवला गेला. चोवीसचा तो वाकडा चार सगळ्यांनी बघितला. कपाट उघडलं, टॉवेलांखालून उरलेली चतकोर निघाली, आणि तुमच्या माणसानं ती हातमोजे घालून, चिमट्यानं उचलून, झाकणाच्या डब्यात टाकली. सहा आठवडे मुरलेली वस्तू. आजोबा रडले. त्यांना ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं.

दोन दिवसांनी थोरलीला पत्र आलं. तुमची भाषा तुम्हाला आवडते म्हणून जशीच्या तशी: 'आपण दिनांकाबाबत असत्य माहिती सादर केल्याचे निदर्शनास आले आहे. सबब आपणास चार आठवड्यांकरिता भेटीस मनाई करण्यात येत आहे. तसेच अनधिकृत आहारामुळे झालेली वजनवाढ नियमानुसार ग्राह्य धरता येत नसल्याने, निवासी व्यक्तीचे मागील ग्राह्य वजन कायम ठेवण्यात येत आहे व त्यांस वरील मजल्यावर हलविण्यात आले आहे.'

थोरलीनं ते तीनदा वाचलं. मग टायरवाल्याला वाचायला दिलं, आपलंच काही चुकत असेल म्हणून. टायरवाला कंबर धरून उभा होता. वाचून तो म्हणाला, "ताई, म्हणजे पोटात गेलेलं गेलंच नाही?"

"गेलं. पण कागदावर नाही गेलं."

"आणि तुम्ही खोटं लिहिलं म्हणून शिक्षा. मग त्यांनी वहीत लिहिलंय ते काय?"

बघा, टायरवाल्याला कळलं. चाकाची हवा तपासणाऱ्याला कळलं.

मनाई असतानाही थोरली गेली. काउंटरच्या अलीकडे थांबायला मनाई नाही, हे तिनं पत्रात नीट वाचलं होतं. काउंटरवरची मुलगी मान वर करेना. मागच्या दारात नियमबाई.

"वही दाखवा," थोरली म्हणाली.

"वही दाखवता येत नाही."

"मग सांगा. सोमवारी माझ्या डोळ्यांदेखत बेचाळीस शंभर लिहिलंत. ते आता काय आहे?"

"दुरुस्ती केली आहे."

"किती केलं?"

"एकेचाळीस सातशे. मागील ग्राह्य."

"काट्यावर कोण उभं होतं?"

"हे बघा, तुम्ही खोटा दिनांक..."

"ते मी लिहिलं. माझ्या हातानं लिहिलं, कबूल. चार आठवडे नका भेटू देऊ, तेही कबूल. एक टाका चुकवला, सीट माझ्यावर उसवली, बरोबर झालं. पण तो टाका माझा होता, बाई. तिनं काय खोटं लिहिलं? ती फक्त जेवली."

नियमबाईंनी दाराचं हँडल धरलं. मग त्यांना सुचलं. सुचतंच नेहमी. "काय म्हणायचंय ते लेखी द्या."

मुलीनं खाली बघतच तक्रारीचा कागद पुढे सरकवला, आणि आपलं चांगलं पेन दिलं, जे ती कुणाला देत नाही. थोरलीनं उभ्यानंच लिहिलं. अक्षर सुवाच्य, या वेळी एकही वळण वाकडं नाही. खाली आजची खरी तारीख घातली, आणि तो कागद आठ दिवस तुमच्या टेबलावर पडलाय. त्यावर एवढंच आहे:

माझी बहीण सोमवारी बेचाळीस किलो शंभर ग्रॅम होती. तुम्ही वर नेलीत ती एकेचाळीस किलो सातशे ग्रॅम आहे. मधली चारशे ग्रॅम बहीण तुम्ही कुठं ठेवली आहे? लेखी सांगा.